रत्नागिरीच्या वाटेवर पेट्रोलचोर

१९९० सालच्या ऑगस्ट महिन्यात इराकने कुवेत गिळले आणि त्याचा ठसका पुण्यात आम्हांला लागला. कुवेत नकाशात नेमके कुठे आहे हे तोवर मला कुणी विचारले असते तर बोट दाखवता आले नसते. पण ऑक्टोबर उजाडला, सरकारने पेट्रोलवर अधिभार बसवला, आणि वाड्यात मोटार बाळगणारा एकुलता एक गृहस्थ म्हणून सारे बिऱ्हाडकरू माझ्याकडे करुणेने पाहू लागले. त्या करुणेत थोडा आनंदही होता, हे मी ओळखून होतो.

मोटार म्हणजे काही मोठे वैभव नव्हे. आठ वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली, आधीच्या मालकाने मनसोक्त वापरलेली, सुकाणूलाच गिअरचा दांडा असलेली चार दारांची जुनी गाडी. तिची जात मुद्दामच सांगत नाही. पुढे जे घडले त्यात तिचा बिचारीचा काडीइतका दोष नव्हता, उगीच तिच्या कुळाला बट्टा नको.

ही गाडी लिटरला तेरा किलोमीटर चालायची. मी बँकेतला कारकून, तेव्हा हा आकडा हवेतला नाही. पण दसरा झाला आणि काटा भराभर खाली येऊ लागला. मंडईत जाऊन यावे तो काटा एका रेघेने उतरलेला. सासूबाईंना स्वारगेटवर सोडून यावे तो आणखी एका रेघेने. आठवड्याला जे पेट्रोल पुरे ते चार दिवसांत संपू लागले. टाकीतल्या पेट्रोलला पाय फुटले आहेत, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

आता पाय फुटले म्हणजे कुणीतरी ते फोडले असले पाहिजेत. रोज पहाटे गाडी धुवायला एक मुलगा येत असे. सोळा-सतरा वर्षांचा, अबोल. त्याची आई वाड्यातल्या चार घरची भांडी घासायची. त्याच्याजवळ नळाला लावायची वावभर रबरी नळी होती. संशयाला एवढा पुरावा पुष्कळ झाला. मी नाना पेठेत गेलो, टाकीच्या झाकणाचे कुलूप विकत आणले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला म्हणालो, “उद्यापासून येऊ नकोस.”

“का, काका?” त्याने विचारले.

मी तोंडाने काही बोललो नाही. नुसते कुलपाकडे बोट दाखवले. त्याने कुलूप पाहिले, हातातले फडके पिळले, घडी करून बादलीच्या काठावर ठेवले आणि तो निघून गेला. दिवसांचा हिशेब करून पगार मी त्याच्या आईकडे दिला. दिवाळीची पोस्त मात्र दिली नाही.

सौ. म्हणाली, “इतके दिवस तो पोरगा आपल्या घरी चहा घेतो. त्याच्या हाताला एकदा तरी पेट्रोलचा वास आला का हो?”

मी म्हणालो, “तुला मोटारीतले काय कळते?”

हे वाक्य पुढे मला बरेच महाग पडले. कारण कुलूप बसले, मुलगा गेला, आणि काटा आपला पूर्वीइतक्याच उत्साहाने खाली येत राहिला. मग मी पेट्रोल पंपावर संशय घेतला आणि पंप बदलला. काटा काही बदलला नाही.

अशा स्थितीत भाऊबीज आली. भाऊबीजेला रत्नागिरीस ताईकडे जायचे हा आमचा जुना नेम. आई आमच्याकडे असायची. लेक आणि नातवंडे डोळ्यांनी पाहायची ती वर्षातून एवढी एकदाच. कोकण रेल्वेचे महामंडळ त्याच वर्षी स्थापन झाले होते, म्हणजे गाडी अजून कागदावरच होती. गुडघ्यांनी अधू झालेल्या आईला एस.टी.त चढवणे अशक्य. तेव्हा जायचे तर मोटारीनेच. सुमारे तीनशे किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे. आठ दिवस मी कागदावर आकडे मांडत होतो आणि खोडत होतो. शेवटी आईच म्हणाली, “यंदा नाही गेले तरी चालेल रे. पत्र टाक तिला.” तिने हे इतक्या सहज म्हटले की, मला ते सहन झाले नाही. कागद फाडला आणि जायचे ठरवले.

निघताना एक गोष्ट मात्र केली. काट्यावर विसंबायचे नाही. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, मीटरवरचा आकडा डायरीत लिहिला आणि पहाटे पाचला कात्रजचा रस्ता धरला. टपावर कॅरिअर, त्यावर ट्रंक, वळकटी, चिवडा-चकल्यांचे दोन पिंप. मागे आई, मुलगी आणि फराळाचा हातडबा. पुढे सौ. आणि तिच्या मांडीवर चिरंजीव.

कात्रजचा बोगदा ओलांडला की पुणेकराची छाती आपोआप फुगते. डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुले अजून टिकून होती आणि खाली धुके साचले होते. शिरवळला चहा घेतला. आई गाडीतच बसून होती, म्हणजे टाकीवर पहारा होता. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता. जाणारी-येणारी सारी वाहने एकाच घाटातून एकमेकांना हुलकावण्या देत चालत. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढताना मागच्या ट्रकचा क्लीनर खिडकीबाहेर लोंबकळत ओरडला, “ओ काका, काळा धूर! गाडी काय कोळशावर चालवता का?” चिरंजीवांना हा विनोद फार आवडला. मुलीला मात्र त्या वासाने मळमळू लागले होते. लिंबू हुंगायला देऊन वेळ निभावली. साताऱ्याला अजिंक्यतारा उन्हात उभा होता. कंदी पेढे घेतले आणि दुपारच्या आत कराडला पोचलो.

मीटर पाहिला. एकशे साठ किलोमीटर झाले होते. पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत टाकी भरायला सांगितली. वीस लिटर बसले. म्हणजे लिटरला आठ.

वाचकहो, त्या क्षणी मला जे वाटले ते लिहायला अवघड आहे. पुण्याहून निघाल्यापासून गाडी आमच्या नजरेआड झाली नव्हती. टाकीला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. चोर आमच्यात असायचा तर तो आई, सौ. किंवा दोन मुले यांपैकीच कुणी. तरीही मी अखेरचा प्रयत्न म्हणून पंपवाल्याशी वाद घातला. त्याने शांतपणे पितळी माप काढले. वजनमापे खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे असे माप प्रत्येक पंपावर ठेवावे लागते आणि गिऱ्हाइकाने मागितले तर मापून दाखवावे लागते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. माप रेघेला बरोबर भरले. तो म्हणाला, “पावणं, पंप नीट हाय. गाडी दाखवून घ्या.” आणि त्याने रस्त्यापलीकडच्या एका पत्र्याच्या शेडकडे बोट केले.

शेडमधला मिस्त्री साठीचा असावा. डोक्याला मळका रुमाल, तोंडात पान. मी गाडी उभी करून “अ‍ॅव्हरेज” एवढा एकच शब्द उच्चारतो तो हा गृहस्थ बॉनेटकडे फिरकलाही नाही. तो चारही चाकांभोवती फिरला आणि प्रत्येकाच्या मध्यावर हात टेकवत गेला. डाव्या मागल्या चाकाशी त्याने हात झटकन मागे घेतला. मग बादलीतले चार थेंब त्यावर उडवले. तव्यावर उडवावे तसे ते चर्र करून नाहीसे झाले.

“ह्ये बगा,” तो म्हणाला. “तीन चाकं कोमट, ह्ये एक तापल्यालं. लायनर ड्रमला धरून बसलाय. म्हंजी तुमी इंजानानं गाडी वडताय आन् ब्रेक तिला मागं वडतोय. आता म्होरं कुठं जायाचं?”

“आंबा घाटातून रत्नागिरी.”

त्याने पानाची पिंक टाकली आणि माझ्याकडे, मग मागच्या सीटवर बसलेल्या आईकडे पाहिले. “ह्या चाकावर घाट उतरला असता, तर तळाला ब्रेक लागला नसता, पावणं. तापल्याला ड्रम धरत न्हाई.”

पेट्रोलच्या हिशेबाचा विचार त्या वाक्यासरशी माझ्या डोक्यातून पार गेला. सौ.ही ते ऐकत होती. ती काही बोलली नाही, एवढेच.

पावसाळ्यापूर्वी मीच हँडब्रेक ओढून घट्ट करून घेतला होता. पावसात तार गंजली, आणि दांडा खाली टाकला तरी मागे पुरती सैल पडेनाशी झाली. जॅकवर चाक उचलून मिस्त्रींनी मला ते हाताने फिरवायला लावले. उजवे चाक दोन-तीन वेढे आपले आपण फिरत राही. डावे पाव वेढ्यातच अडे. ज्याच्या घरी जुनी मोटार आहे त्याने ही परीक्षा घरच्या घरी करावी, पण गाडी सपाट जागी उभी करून, बाकीच्या चाकांना दगड लावून. तेवढीही खटपट नको असेल तर सपाट रस्त्यावर हळू चालत्या गाडीचा गिअर काढावा. गाडी खुशीत पुढे जात राहिली तर ठीक. गळा धरल्यासारखी थांबली तर काहीतरी अडते आहे.

पण धुराचे काय? त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून मला दाखवले. बोट कोरड्या काजळीने काळे. “धूर निळा असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हनलो असतो. तवा ऑइल जळतंय. ह्यो काळा हाय. म्हंजी पेट्रोलच न जळता बाहीर पडतंय.” मग त्यांनी ऑइल पाहायची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. चार प्लग काढले. चारही चुलीतल्या कोळशासारखे. नीट चालणाऱ्या इंजिनाचे प्लग बदामी रंगाचे निघतात म्हणे. तोपर्यंत मी प्लगचा रंग हा विषय साडीच्या रंगाइतकाही विचारात घेतला नव्हता.

“चोक आत ढकला,” मिस्त्री म्हणाले. मी आत बसून चोकची मूठ दाबली. “आत हाय,” मी म्हणालो. “या आन् बगा.” त्यांनी हवेच्या गाळणीचे झाकण काढले होते. कार्ब्युरेटरच्या गळ्यात चोकची पितळी चकती असते. मूठ आत गेली की ती सरळ उभी राहून हवेला वाट मोकळी करते. आमची चकती तिरकी होऊन तिसरा हिस्सा वाट अडवून उभी होती. तार ज्या नळीतून जाते ती नळी आवळणारा स्क्रू सैल पडला होता. मूठ दाबली की तार सरकायच्याऐवजी सारी नळीच सरके, आणि चकती जिथल्या तिथे.

यातले शास्त्र मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितले, पण ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पेट्रोल एकटे जळत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून पहाटे सुरू करताना चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त करायचे. इंजिन तापले की ती चैन बंद झाली पाहिजे. ती बंद झाली नाही तर चुलीत लाकडे कोंबून फुंकणी बाजूला ठेवल्यासारखे होते. धूर मिळतो, आच मिळत नाही. आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते, म्हणजे गाडी जास्त पिते ती पिते आणि वर झिजतेही.

गाळणी हातात घेऊन मिस्त्री थांबले. कागदाची ती गाळणी चिकट होऊन लगद्यासारखी बसली होती. “ही घासलेटानं कुनी धुतली?”

मी गप्प राहिलो.

“दसऱ्याला इंजान कुनी साफ केलं?”

“मीच,” मी म्हणालो.

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर मोटारीची पूजा करायची म्हणून मी बॉनेट उघडून, बाह्या सरसावून, तीन तास इंजिन पुसले होते. गाळणी काढून रॉकेलने स्वच्छ धुतली होती. तारा, नळ्या, स्क्रू, जे जे हाताला लागले ते ते फडक्याने घासले होते. चोकची नळी तेव्हाच हलली असणार. तो मुलगा त्या दिवशी शेजारी उभा होता. “काका, आतलं मिस्त्रीलाच करू द्या,” असे काहीसे तो म्हणालाही होता. मी त्याला झेंडूची माळ धरायला लावली होती.

मिस्त्रींनी दोन तास मागितले. तेवढ्यात आम्ही संगमावर जाऊन आलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी उतरतात आणि कराडला समोरासमोर येऊन भेटतात. दुसरीकडे नद्या तिरक्या येऊन एकमेकींत मिसळतात. इथे दोघी सरळ गळ्यात पडतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. म्हणून लोक याला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच काठावर आहे. ते १९८४ साली गेले. पावसाळा नुकताच संपलेला, दोन्ही पात्रे भरलेली. आईला घाटाच्या वरच्या पायरीवर बसवले. तिने दोन्ही नद्यांना हात जोडले आणि म्हणाली, “ताईसाठी इथले पाणी घेऊ या का रे तांब्यात?” मुले पाण्यात खडे मारत होती. मी मात्र त्या घडी करून ठेवलेल्या फडक्याचा विचार करत होतो. सौ. शेजारी येऊन बसली. मला वाटले, आता ती बोलणार. ती म्हणाली, “पेढा घ्या.” तिने बोलली असती तर बरे झाले असते.

परत आलो तो गाडी तयार होती. मिस्त्रींनी हँडब्रेकची तार सोडवून तिला वंगण दिले होते, लायनर मोकळा केला होता, चोकची नळी आवळली होती, प्लग घासून त्यांच्या फटी मापल्या होत्या आणि नवी गाळणी बसवली होती. टायरमध्ये हवा कमी होती, तीही भरली. टायमिंगला त्यांनी हात लावला नाही. “जे बिघडलं न्हाई ते दुरुस्त करायचं न्हाई,” हे सांगताना त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. टपावरच्या बोजाकडे पाहून म्हणाले, “वारं बी पेट्रोल पितं.” आणि क्लचवर पाय ठेवून चालवायची माझी सवय त्यांनी गाडी शेडमधून बाहेर काढतानाच हेरली. मजुरी सांगितली ती इतकी थोडी की मला हिशेब चुकल्यासारखे वाटले.

कराड सोडले, कोकरूडजवळ वारणा ओलांडली आणि शाहूवाडीच्या मलकापुरावर आलो तोवर गाडीचा आवाजच बदलला होता. मुलीची मळमळ थांबली. चढावर पाय दाबला की गाडी ऐकत होती. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची माझी एक लाडकी युक्ती होती. मिस्त्रींनी ती शपथ घालून सोडायला लावली होती. घाटात इंजिन बंद आणि गिअर मोकळा म्हणजे सारा भार ब्रेकवर. तेव्हा आंबा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनालाच लगाम करून उतरलो. हल्लीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही आणि ओढायचा चोकही नाही. पेट्रोल किती सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो, आणि गिअरमध्ये असताना पाय उचलून उतार उतरला तर तो पेट्रोल बंदच करतो. माझा मुलगा हे मला कौतुकाने सांगतो. पण मागच्या वर्षी त्याचीही गाडी जास्त पिऊ लागली तेव्हा दोष निघाला तो इंजिन थंड राखणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये. तो उघडा अडकल्यामुळे इंजिन पुरते तापतच नव्हते, आणि संगणक बिचारा थंडी समजून जास्त पेट्रोल पाजत होता. म्हणजे आमचाच चोक, नव्या अवतारात.

घाटाच्या वळणावर गाडी थांबवली. ऊन उतरत होते. घाटमाथ्यावरची कोरडी हवा संपून खालून कोकणाचा ओलसर वास वर येत होता. दरीत जंगलाचे हिरवे थर एकाखाली एक, आणि पलीकडे खाचरांत भात पिवळे होऊन आडवे झालेले. मी उतरून डाव्या मागल्या चाकाला हात लावला. कोमट होते. आईने आतून विचारले, “ठीक आहे ना रे?” मी म्हणालो, “ठीक आहे.”

साखरप्याला दिवेलागण झाली. हातखंब्याला मुंबई-गोव्याचा रस्ता ओलांडला आणि रात्री ताईच्या अंगणात गाडी उभी केली. आईला उतरवायला ताई धावत आली ते दृश्य मी लिहीत नाही, प्रत्येकाने आपापल्या घरचे आठवावे. दुसऱ्या दिवशी ओवाळणी झाली आणि मी हळूच पंपावर गेलो. कराडपासून एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर झाले होते, पेट्रोल बसले साडेअकरा लिटर. तेराला थोडे कमी. डायरीत आकडा लिहिला. तिथेच पेट्रोल मिसळलेले ऑइलही बदलून घेतले.

पुण्यास परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. खिशात पोस्त होती आणि ताईने दिलेल्या आंबापोळ्या. त्याची आई दारात होती. तिने मला बसा म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही. मुलगा नाना पेठेत एका गॅरेजात कामाला लागला होता. हात काळे करून तो आला. मी त्याला कराडची सारी हकीकत सांगितली. चोक, गाळणी, खंडेनवमी, काही वगळले नाही. आणि चुकलो म्हणालो.

तो ऐकत होता. नळी कशी सरकली हे त्याने एकदा मध्येच विचारले, तेवढेच. पोस्त त्याने आईकडे दिली. मग म्हणाला, “रविवारी सुटी असते. रविवारी येऊन धुवत जाईन.”

मला बरे वाटले. मी म्हणालो, “टाकीचे कुलूप मी आजच काढून टाकतो.”

“नको काका,” तो म्हणाला. “कुलूप राहू द्या. किल्ली तुमच्याजवळच ठेवा. पुन्हा कधी पेट्रोल कमी झालं, तर माझ्यावर यायला नको.”